सीटमागची बंदूक

मित्रांनो, हार्लन ट्वेटच्या घरी बंदुकांचे एक मोठे लोखंडी कपाट होते. त्या कपाटात जिला कधीच जागा मिळाली नाही, ती मी. एकनळी, छऱ्यांची, साधीसुधी बंदूक. माझी जागा जुन्या पिकअप गाडीत, सीटच्या मागे. शेजारी जॅक, बर्फ खरवडायची पट्टी आणि एक कुबट घोंगडी. मोंटानात जवळजवळ प्रत्येक शेतावरच्या गाडीत माझ्यासारखी एखादी असतेच. तिला कोणी बंदुकांत मोजत नाही, गाडीच्या सामानात मोजतात.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या अंगावर नक्षी नाही. दस्ता हलक्या लाकडाचा, वर रंग फासून आक्रोडाचा म्हणून खपवलेला. हार्लनच्या वडिलांनी मला खिळे आणि कुंपणाची तार मिळते त्या दुकानातून आणले, तारेच्या भेंडोळ्याबरोबर. पुढे हार्लनचे लग्न झाले, आर्डिस घरात आली आणि मी तिची झाले.

ते दिवस आठवले की आजही जीव सुखावतो. आर्डिस गाडी हाकताना मोठ्याने गात असे, आणि तिचे गाणे फार वाईट होते. कोंबड्यांवर कोल्हा आला की मी, भाजीच्या वाफ्यात विषारी खुळखुळ्या साप निघाला की मी. एकदा गोठ्यात गाईने माझ्या दस्त्यावर पाय दिला आणि तो तडकला. आर्डिसने तिथल्या तिथे त्याला कुंपणाची तार गुंडाळली.

"अगं, सुताराकडे पाठवू की," हार्लन म्हणाला.

"कशाला? कोल्हा दस्ता बघून मरतो का?"

कपाटातल्या बंदुकांचा थाट निराळाच होता. हार्लनच्या आजोबांची हरणांच्या शिकारीची रायफल, एक महायुद्धातून आलेली, एक दुनळी, जिच्यावर उडती बदके कोरलेली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी हार्लन त्यांना स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून तेल लावी. गाडी खिडकीखालीच उभी असे, त्यामुळे मला सगळे ऐकू येई.

"माझ्या गुडघ्यांना लावलंस का कधी एवढ्या प्रेमाने तेल?" आर्डिस विचारी.

"तुझे गुडघे गंजत नाहीत."

"ये इकडे, कान लाव. कुरकुर ऐक."

मला त्या कपाटवाल्यांचा हेवा वाटत असे, खोटे कशाला सांगू? पण त्या वर्षातून एकदा बाहेर निघत आणि मी रोज आर्डिसबरोबर भटकत होते.

त्या घरचा एक नियम मात्र आम्हा सगळ्यांना सारखा होता. बंदूक दुसऱ्याच्या हाती देताना आधी उघडायची, नळी रिकामी आहे ना ते बघायचे आणि मग द्यायची. घेणाऱ्यानेही पुन्हा स्वतः बघायचे. नवरा बायकोने दिलेली तपासे, मुलगी बापाने दिलेली तपासे, आणि कोणाला त्याचा राग येत नसे. त्यांची मुलगी जोलीन बोलायला लागली त्याच सुमारास हे शिकली असावी.

आर्डिसच्या शेवटच्या शरद ऋतूत एका सकाळी कोल्हा पुन्हा आला. तिने माझ्यात काडतूस भरले, नेम धरला, पण कोल्हा निसटला. आणि अचानक तिला दम लागला. ती गाडीच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिली. मग मला उचलून सीटमागे ठेवले आणि भिंत धरत घरात गेली. काडतूस काढायचे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच राहिले. तो आठवडा संपायच्या आत ती गेली.

मला ते ठाऊक होते, पण सांगणार कशी? आम्हा बंदुकांना बोलता येते ते एकाच प्रकारे, आणि ते कोणी ऐकू नये हेच बरे.

नंतरच्या हिवाळ्यात हार्लन गोठ्याच्या दाराशी बर्फावर घसरला. शेजारचा व्हर्नन येईपर्यंत तसाच पडून होता. हे कळताच जोलीन इलिनॉयहून धावत आली. बापलेकीचे बोलणे गाडीतच झाले, दवाखान्यातून परतताना.

"बाबा, तू आता इथे एकटा राहणार नाहीस. माझ्याकडे चल. विषय संपला."

"आणि माझ्या बंदुका?"

"मला वाटलं, आधी मांजरीचं विचारशील."

"मांजर व्हर्ननकडेच जेवते. बंदुकांचं बोल."

जोलीनने गाडी शेताच्या रस्त्याला वळवली. मग म्हणाली, "आण. कपाटासकट आण. पण माझी टेस पाच वर्षांची आहे, दिसेल ते दार उघडते. एक जरी बंदूक कुलपाबाहेर दिसली ना बाबा, तर सगळ्या जातील. मग मला दोष द्यायचा नाही."

"शब्द देतो," हार्लन म्हणाला. त्या मुलखात शब्द दिला की सही लागत नाही.

मग बांधाबांध सुरू झाली. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बंदुका नेणे म्हणजे टेबल-खुर्च्या नेणे नव्हे. वाटेतल्या प्रत्येक राज्याचे नियम निराळे, आणि इलिनॉयमध्ये तर बंदूक बाळगायला वेगळे ओळखपत्र लागते. हार्लनने फोन करकरून सगळे विचारून घेतले. बंदुका रिकाम्या, कुलूपबंद पेट्यांत. काडतुसे दुसऱ्या पेटीत. व्हर्नन मदतीला आला. हार्लन एकेक उघडून बघे आणि त्याच्या हाती देई, व्हर्नन पुन्हा बघे आणि पेटीत ठेवी. आजोबांच्या रायफलीला पेटीत ठेवताना हार्लनने तिच्यावरून हात फिरवला, तो बराच वेळ काढलाच नाही.

"आणि ती सीटमागची?" व्हर्ननने विचारले.

"ती कुठे बंदूक आहे? ती गाडीतली आहे."

"उघडून तरी बघ, म्हाताऱ्या."

"आर्डिसने ठेवली आहे ती," हार्लन म्हणाला. "तिच्यानंतर तिला कोणी हात लावलेला नाही. आणि आर्डिसने भरलेली बंदूक कधी ठेवलेली पाहिलीस?"

व्हर्ननने मान हलवली आणि विषय सोडला. अशी मी डाकोटाची माळराने, मिनेसोटातली तळी ओलांडून निघाले, पोटात काडतूस घेऊन. गाडीत गाणारे कोणी नव्हते. एकदा हार्लननेच आर्डिसचे एक गाणे गुणगुणायला घेतले, तिच्याइतकेच बेसूर, आणि अर्ध्यात थांबला.

जोलीनने अंगणात येऊन त्याला मिठी मारली. तळघरात कपाट उभे राहिले, पेट्या रिकाम्या झाल्या. "सगळ्या आत?" तिने विचारले. "सगळ्या," तो म्हणाला, आणि ते तो मनापासून म्हणाला.

हार्लनने जन्मात कधी गाडीला कुलूप लावले नव्हते. तिथेही लावले नाही. एका दुपारी टेस गाडीत शिरली. आधी तिने भोंगा वाजवला, मग आरसा फिरवला, मग सीटवर गुडघे टेकून मागे वाकली आणि घोंगडी ओढली. तिचा चेहरा माझ्या नळीच्या अगदी समोर होता. तारेच्या वेटोळ्यांवर तिने बोट फिरवले. मग तिला माझा घोडा दिसला, आणि दोन्ही अंगठ्यांनी ती तो मागे ओढू लागली. मित्रांनो, मी म्हातारी, माझा घोडा गंजून घट्ट झाला होता. त्या गंजाचे मी इतके उपकार कधी मानले नव्हते.

"टेस," जोलीनचा आवाज आला. अगदी हळू. "हात काढ बाळा. माझ्याकडे बघ. ये इकडे."

टेस तिच्याकडे गेली. जोलीनने तिला खाली उतरवले, मला बाहेर काढले, आणि लहानपणापासूनच्या सवयीने उघडले. काडतूस तिच्या तळहातावर पडले.

हार्लन पोर्चवरून उतरून येत होता. तिच्या हातात काय आहे हे दिसल्यावर तो जागीच थांबला.

"ही भरलेली होती, बाबा," जोलीन म्हणाली. मग ओरडली, "भरलेली होती!"

"तुझ्या आईने भरली असेल."

"आईने? अरे, मग तू बघितली का नाहीस? दुसऱ्या सगळ्या दहादा बघतोस तू!"

हार्लन माझ्या दस्त्यावरच्या तारेकडे बघत होता. "उघडली असती तर तिने ठेवलेली राहिली नसती ना," तो म्हणाला. "माझी झाली असती. म्हणून नाही उघडली."

जोलीन मला हातात धरूनच रडायला लागली. टेस तिच्या पायाला बिलगून विचारत राहिली, "आई, माझं चुकलं का?"

"तुझं नाही गं," हार्लन म्हणाला. "आजोबांचं चुकलं." मग तो जोलीनला म्हणाला, "उद्या सगळ्या जातील."

"बाबा, बाकीच्या राहू देत. त्या कुलपात आहेत."

"मी शब्द दिला होता."

गावातल्या परवानेवाल्या बंदुकांच्या दुकानात आम्ही सगळ्या विकायला आलो. बदकांची दुनळी लगेच गेली, युद्धातली गेली, आजोबांची रायफल एका तरुण बाईने नेली. हार्लनने तिला पिशवीतून तेलाची बाटलीही काढून दिली. मला अजून कोणी घेतलेले नाही. तार गुंडाळलेली म्हातारी कोण घेणार?

माझे एकच सांगणे आहे, मित्रांनो. कोणाच्या घरी बंदूक असो, तुम्ही तिला हात लावू नका, मोठ्या माणसाला हाक मारा. आणि मोठे झाल्यावर कधी ती हाती आली, तर उघडून बघा. ती तुमच्या सर्वांत लाडक्या माणसाने ठेवलेली असली, तर आधी बघा.

दुकानाची खिडकी रस्त्यावर आहे. सुरुवातीला जोलीन टेसला हार्लनबरोबर एकटी सोडत नसे. दोघे पुढे आणि ती मागून चालत येई. काल मात्र टेस आजोबांचा हात धरून, त्यांना ओढत, तळ्याकडे चालली होती. मी बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. त्यांच्या मागे कोणी आले नाही.