खाट क्रमांक सातचे श्वास

मी एक जुनी चिमट्याची पाटी आहे. मित्रांनो, परीक्षेला तुम्ही जे पॅड नेता, त्याची मी थोरली बहीण. सांगलीतल्या एका रुग्णालयात, बायकांच्या वॉर्डात, खाट क्रमांक सातच्या पायथ्याशी मी टांगलेली असते. माझ्यावरच्या कागदावर रोग्याचा ताप, नाडी, रक्तदाब आणि श्वास लिहितात. यातल्या शेवटच्या रकान्याची मला भीती वाटते.

कुपवाडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. फळी कापली, कडा घासल्या, वर लोखंडी चिमटा ठोकला. आम्ही चाळीस जणी एकदम इथं आलो. सुरुवातीला डॉक्टर फेरीवर आले की आधी मला हातात घेत आणि मग रोग्याकडे बघत. मला त्याचा अभिमान वाटे. तो किती चुकीचा होता, हे मला फार उशिरा कळलं.

ताप काचेच्या नळीत दिसतो आणि रक्तदाब यंत्र सांगतं. श्वास मात्र माणसानं मोजावा लागतो. हातात घड्याळ घेऊन, छातीकडे बघत, पूर्ण एक मिनिट. वॉर्डात अठ्ठावीस खाटा आणि सिस्टर दोन. तेवढं मिनिट कुणाकडेच नसायचं. मग सगळ्यांचे श्वास, निरोगी माणसाचे असावेत तसे, वीस लिहायचे, अशी पद्धत पडली. तरण्या पोरीचे वीस आणि म्हाताऱ्या आजीचेही वीस.

म्हसवडच्या रंगूबाई माझ्याच खाटेवर होत्या. मंगल सिस्टरांनी त्यांना हसत विचारलं, "काय आजी, श्वास घेताय ना?"

"घेतीय की बाई," रंगूबाई म्हणाल्या, "पर रेशनवर मिळाल्यागत मिळतोय."

सगळा वॉर्ड हसला. सिस्टरही हसल्या आणि त्यांनी माझ्यावर वीस लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाट रिकामी झाली. कागद काढताना मंगल सिस्टरांचा हात त्या आकड्यावर थांबला.

पुढे विश्वजीत डॉक्टरांनी दोनशे रोग्यांचे जुने कागद बाहेर काढले. एकशे सत्तर जणांचे श्वास वीस निघाले. त्यांनी एक अभ्यास सुरू केला. तीन महिने प्रत्येकाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे, चोवीसच्या वर गेले की लगेच डॉक्टरांना बोलवायचं, आणि त्यानं रोगी खरंच वाचतात का, ते पाहायचं.

"सर, अठ्ठावीस खाटा म्हणजे अठ्ठावीस मिनिटं," मंगल सिस्टर म्हणाल्या. "तोवर सलाइन कोण बदलणार?"

"तेही लिहून ठेवा," डॉक्टर म्हणाले. "जमत नसेल तर तेसुद्धा कळायला पाहिजे."

आकडे ताडून बघायला क्रांती नावाची एक सिस्टर नेमली. मला वाटलं, सुटले. पण सवय फार चिवट असते.

फेब्रुवारीत इस्लामपूरकडच्या चंपाबाई आल्या. अंगणात पडून मांडीचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया नीट झाली. तिसऱ्या दिवशी मात्र त्या गप्प गप्प झाल्या. त्यांचे पती धनपाल प्रत्येकाला सांगत, "ती दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब बी घेत न्हाई. त्यानं अशक्त झालीया." जैन घरातला तो नेम सगळ्यांना माहीत होता, म्हणून कारण सगळ्यांना पटलं. त्या दुपारी चार नवे रोगी आले. चार वाजता मंगल सिस्टर धावत आल्या, ताप बघितला, रक्तदाब घेतला आणि चालता चालता माझ्यावर वीस लिहिलं.

मी खाटेला टेकलेली. चंपाबाईंच्या प्रत्येक श्वासाबरोबर खाट हलायची आणि मीही हलायची. ते हलणं वीसचं नव्हतं. पण पाटीला तोंड कुठलं?

साडेपाचला क्रांती सिस्टर आल्या. धनपालांच्या हातात मऊ भाताची वाटी होती आणि नजर खिडकीतल्या उन्हावर. ऊन भिंतीवरून वर सरकत होतं.

"आवं सिस्टर, नंतर मोजा की! दिवस चाललाय. आधी दोन घास जाऊ द्या पोटात."

"काका, एकच मिनिट."

"मगाच्या बाईंनी तर मिनिट बी न्हाई लावलं. तुमीच लय शिकलाय व्हय?"

"बोलू नका काका, आकडा चुकतो. आणि घास खाली ठेवा."

धनपालांनी चमचा वाटीत आपटला. क्रांती सिस्टरांनी घड्याळ धरलं. ऊन आणखी वर गेलं. ते मिनिट मला माझ्या सगळ्या आयुष्याहून लांब वाटलं. रागावून सिस्टरांनी मध्येच सोडून दिलं तर? अर्धंच मोजलं तर?

त्यांनी सोडलं नाही. माझ्यावर चौतीस लिहिलं आणि त्या पळत सुटल्या.

विश्वजीत डॉक्टर आले, प्राणवायू लावला, छातीचा फोटो काढला. फुप्फुसात न्यूमोनिया झाला होता. "या दमात घास भरवला असता तर श्वासनलिकेत गेला असता," डॉक्टर म्हणाले. धनपाल वाटी घेऊन तसेच उभे होते. ऊन गेलं. त्या रात्री चंपाबाई उपाशीच राहिल्या, धनपालही जेवले नाहीत.

दोन दिवस काही खरं नव्हतं. चौतीस, छत्तीस, तेहेतीस. तिसऱ्या दिवशी अठ्ठावीस. मी प्रत्येक आकडा जीव मुठीत धरून सोसला.

नवव्या दिवशी घरी सोडायच्या वेळी मंगल सिस्टर आल्या. त्यांनी मला हातात घेतलं आणि लिहिलं, वीस.

मित्रांनो, मी हादरले. पुन्हा तेच? मग मला जाणवलं की त्या स्टुलावर बसल्या होत्या. घड्याळ अजून त्यांच्या हातात होतं. चंपाबाईंच्या छातीवरून त्यांनी नजर काढलेली नव्हती. लिहून झाल्यावर त्यांनी आणखी एक मिनिट मोजलं आणि त्याच आकड्याशेजारी पुन्हा वीस लिहिलं.

अभ्यास मार्चअखेर संपेल. त्यानंतर ते मिनिट कोण देईल, याची मला काळजी लागली आहे. मला पुसून, जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. माझ्या कडा झिजल्या तरी चालतील. एवढंच करा : माझ्याकडे बघण्याआधी खाटेवरच्या माणसाकडे बघा.