कुसाबाईंच्या उशाची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. देवळातली नव्हे, आजाऱ्याच्या उशाची. सन अडतीसमध्ये नाशकातल्या गोरक्ष तांबटाने बायकोसाठी मला ओतले.

त्याच्या बायकोचा, कुसाबाईंचा आजार विचित्र होता. सकाळी त्या भरली घागर उचलत, पण दिवस कलला की पापण्या मिटायच्या, घास गिळवायचा नाही, मान धरवायची नाही. शेजारणी म्हणत, कामाचा कंटाळा, दुसरे काय! डॉक्टरांनी मात्र ओळखले, की स्नायूंतले बळ वापरले की सरते आणि इंजेक्शनने काही तास परत येते.

पुढे पोटात गाठ निघाली. ऑपरेशन सकाळीच करायचे, श्वास मंदावणारे अफूचे औषध द्यायचे नाही, इंजेक्शन तयार ठेवायचे, असे डॉक्टरांनी बजावले. श्वास अडला तर हाक मारता येणार नाही, म्हणून हाताशी घंटा हवी होती.

गोरक्षने दोन दिवस खपून मला चांगले जाडजूड केले. हलकी वस्तू करायची त्याला लाज वाटे. "आवाज गोदेपार गेला पाहिजे," तो म्हणाला. सकाळी कुसाबाईंनी मला खणखणून वाजवले आणि सगळे निश्चिंत झाले. मला तर आभाळ ठेंगणे झाले होते. संध्याकाळी मात्र एकट्या असताना त्यांनी मला दोन्ही हातांनी कसेबसे उचलले.

"लय जड हायेस गं बाई," त्या पुटपुटल्या. "पन त्यांना नको सांगायला. हौसेनं केलीया."

दवाखान्यात ऑपरेशन चांगले झाले. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला नर्स भागुबाई शेजारच्या खोलीत इंजेक्शनची सुई उकळत होत्या, तेव्हा कुसाबाईंचा श्वास अडखळू लागला. त्यांची बोटे माझ्या मुठीवर आली. मी जरा सरकले, एवढेच. माझा लोलक हललाच नाही. भागुबाई आल्या तेव्हा बोटे तशीच माझ्यावर होती आणि श्वास थांबला होता.

"का नाय वाजवली तिनं?" गोरक्षने विचारले. भागुबाईंनी मला उचलून त्याच्या हातात दिले. "दादा, मलाच जड जातेय ही," एवढेच त्या म्हणाल्या.

त्याने मला वितळवले. त्याच पितळातून बोटाएवढी घंटा ओतली आणि त्याच दवाखान्यात नेऊन दिली. तेव्हापासून मी इथेच आहे.

मित्रांनो, आजाऱ्याला काही द्याल तर तो थकलेला असताना त्याच्या हातात देऊन बघा. माझा आवाज आता जेमतेम दहा पावले जातो. त्या दिवशी भागुबाई तेवढ्याच लांब होत्या.