टीसीएलच्या वासाचं तीर्थ

बेलदरीत कंपनीच्या फाटकापुढे सकाळी आठपासून रांग लागली होती. कुणाच्या हातात बाटली, कुणाच्या कॅन, एकाने तर लग्नात आहेर आलेला चांदीचा तांब्या आणला होता. मे महिन्याचं ऊन टाळूवर चढलं तरी माणूस हलत नव्हता. फाटकाशेजारी काळ्या दगडात एक पितळी नळ बसवला होता, त्यातून पाणी येत होतं, आणि ते पाणी म्हणे हवेतून येत होतं.

नळावर झळकता बोर्ड होता. 'आज कंपनीने वापरलेले पाणी: शून्य लिटर. आज गावाला दिलेले पाणी: ८१२ लिटर.' आत पत्र्याच्या अवाढव्य शेडमध्ये हजारो कॉम्प्युटर अहोरात्र चालायचे. शहरातल्या लोकांचे फोटो, सिनेमे, बँकांचे व्यवहार, सगळं तिथे साठवलेलं. कॉम्प्युटर तापतात, त्यांना थंड ठेवायला पाणी लागतं, एवढं गावाला कळलं होतं. पण ही कंपनी पडली पर्यावरणाची भक्त! हिचे कॉम्प्युटर पाणी पीत नव्हते, उलट पाजत होते.

मैनाबाई नळाला हात जोडून परतली आणि रांगेबाहेर उभ्या असलेल्या सत्यशीलेपुढे तिने बाटली धरली.

"घे वं, एक घोट घे. चार दिवसांपासून पिऊन राह्यली मी. गुडघ्याची कळ अर्धी झाली पाह्य."

"मावशी, गुडघ्यासाठी घाटंजीच्या डॉक्टरनं गोळ्या देल्या होत्या ना तुले?"

"त्या बंद केल्या. आता हे तीर्थ असल्यावर कायले पाह्यजे गोळ्या?"

सत्यशीला ग्रामपंचायतीची पाणीवाली. टाकी भरायची, पाणी शुद्ध करायला त्यात टीसीएलची पावडर कालवायची, वॉर्डावॉर्डाचे व्हॉल्व्ह फिरवायचे, हे तिचं नऊ वर्षांचं काम. सध्या मात्र गावभर तिच्या नावाने शिमगा चालला होता. दोन महिन्यांपासून टाकी भरली की दुपारपर्यंत तळ गाठायची, आणि लाइनीच्या शेवटाला असलेल्या विहारामागच्या वस्तीत, जिथे ती स्वतः राहायची, तिथे तर नळाला फक्त फुसफुस यायची. 'बाई व्हॉल्व्ह उघडा टाकून घरी झोपते,' असं सरपंच भगवानरावांनी चौघांत बोलून दाखवलं होतं. आजच्या ग्रामसभेपुढे दोनच विषय होते. कंपनीच्या दुसऱ्या शेडला ना-हरकत देणं आणि सत्यशीलेला कामावरून काढणं.

मैनाबाईचं मन मोडू नये म्हणून तिने बाटली तोंडाला लावली. घोट घशाखाली जायच्या आतच ती थबकली. बाटली नाकाशी नेऊन हुंगली. मग तिला अशी किळस आली, की तोंडातलं पाणी तिने सरळ मातीत थुंकलं.

"अवं, तीर्थ थुंकून राह्यली!" मैनाबाई कळवळली.

"मावशी," सत्यशीला एवढंच म्हणाली, "ग्रामसभेले ही बाटली घेऊन ये. सांडू नको."

ग्रामसभाही कंपनीच्याच मांडवात भरली होती. पंखे कंपनीचे, मठ्ठा कंपनीचा, जिलेबीही कंपनीचीच. माईक अमर साहेबांच्या हातात होता. हे कंपनीचे पर्यावरण अधिकारी. हिरवं जाकीट, कपाळाला गंध, आणि आवाजात भागवत सांगणाऱ्याचा चढउतार.

"माता-भगिनींनो! निसर्ग आपली आई आहे की नाही?"

"हाये!" मांडव गरजला.

"आईचं दूध विकत घेतात का? नाही! म्हणून आमच्या कंपनीनं संकल्प केला. थेंबभर पाणी घेणार नाही. आमची यंत्रं श्वास घेतात, हवेतला ओलावा शोषतात, कॉम्प्युटर थंड करतात आणि उरलेलं अमृत तुमच्या चरणी वाहतात!"

टाळ्या पडल्या. भगवानराव तर उभं राहून वाजवत होते. ज्या माणसाने उभ्या हयातीत गावच्या नालीला फुटकं झाकण बसवलं नाही, तो आज अमृताचा यजमान झाला होता!

सत्यशीला मागून उठली. "साहेब, एक विचारू का? ह्या पाण्यात तुम्ही काही टाकता काय? औषध, पावडर?"

अमर साहेब हसले. आयतं वाक्य मिळाल्यासारखा त्यांनी माईक तोंडाजवळ नेला. "ताई, कणभरसुद्धा नाही! पावडर नाही, औषध नाही. आकाशातून निघालं ते सरळ नळात. शंभर टक्के शुद्ध!"

"सगळ्याईनं ऐकलं ना?" ती मांडवाकडे वळली. "मंग मले हे सांगा, तुमी परवा पापड घातले. किती वेळात वाळले?"

बायका हसल्या. "अर्ध्या घंट्यात खणखणीत झाले," कुणीतरी म्हटलं.

"काहून? कारण हवेत ओल नाही. ज्या हवेत पापड अर्ध्या घंट्यात वाळते, त्या हवेतून आठशे लिटर पाणी निघते होय?"

"बस खाली!" भगवानराव कडाडले. "काम जाऊन राह्यलं म्हणून कंपनीवर राग काढून राह्यली!"

"काम जाऊ द्या ना भाऊ. पण आधी हे पाहा."

तिने पिशवीतून तीन काचेच्या नळ्या आणि छोटी बाटली काढली. ही तिची रोजची सामग्री. पाण्यात टीसीएल पुरेसं उतरलं का, हे पाहण्याचं औषध. टीसीएल असलं की पाणी पिवळं पडतं, नसलं की जसंच्या तसं राहतं. गावातल्या पोरासोरांनीही तिला हे करताना पाहिलेलं होतं. पहिल्या नळीत तिने पुढच्या टेबलावरचं दुकानाच्या सीलबंद बाटलीतलं पाणी ओतलं, औषधाचे थेंब सोडले. पाणी तसंच राहिलं. दुसरीत गावच्या टाकीचं पाणी. पिवळं झालं.

"आता मावशी, तुह्यं तीर्थ दे."

मैनाबाईने बाटली दिली. तिसऱ्या नळीत थेंब पडले आणि पाणी हळदीसारखं पिवळं झालं.

"टीसीएल आभाळातून पडते काय, साहेब? रोज सकाळी माह्या ह्या हातानं मी ते टाकीत टाकून राह्यली. बोटाईची साल गेली त्याच्यानं. त्याचा वास मले झोपेतही ओळखू येते!"

"हे... हे रासायनिक योगायोग असतात," अमर साहेबांनी कपाळ पुसलं. गंधही पुसलं गेलं.

"असन योगायोग. मंग अजून एक पाहू. चला माह्यासंगं."

टाकी मांडवापासून पन्नास पावलांवर होती. तिची मोठी लाइन कंपनीच्या कुंपणाला लागूनच वस्तीकडे जायची. सत्यशीलेने कमरेची चावी काढली आणि टाकीच्या पायथ्याचा व्हॉल्व्ह फिरवला. समोर फाटकाशेजारच्या पितळी नळाची धार करंगळीएवढी झाली, मग दोऱ्याएवढी, मग थेंब, मग तेही नाही. कंपनीच्या शेडमागून रोज उठणारी पांढरी वाफ विरळ झाली आणि आत कुठेतरी धोक्याचा भोंगा केकाटायला लागला.

"टाकी मी बंद केली," सत्यशीला म्हणाली. "मंग हवा कोणी बंद केली, साहेब?"

फाटकावरचा चौकीदार देवसिंग आता पुढे आला. मान खाली घालूनच बोलला. "पाइप रस्त्याखालून आत घेतला हाये. माह्यासमोर खोदला. मले बोलू नको म्हणले होते. आत पाणी फवारतात, त्याची वाफ होते, त्याच्यानं कॉम्प्युटर थंड होतात. बोर्डाचं मीटर ह्या पाइपावर लावलंच नाही, तर शून्यच दिसन ना."

म्हणजे ज्या पाण्यावाचून वस्तीतल्या बाया भर उन्हात नाल्यात झिरे उकरत होत्या, ते पाणी इथे वाफ होऊन उडत होतं. त्यातलंच बादलीभर पितळी नळातून परत द्यायचं, आणि ज्यांचं चोरलं त्यांनीच हात जोडून ते प्यायचं. चोरी पाहिली होती गावाने, पण चोरलेल्या मालाचा प्रसाद वाटणारा चोर पहिल्यांदाच पाहिला. शिसारी येते ती याची.

मैनाबाई बाटलीकडे बघत राहिली. "म्हणजे मी आपल्याच नळाचं पाणी पिऊन राह्यली होती? अन् गोळ्या बंद केल्या?"

"सोमवारी जाऊ घाटंजीले, मावशी. दोघी जाऊ."

सगळे मांडवात परतले. भगवानरावांनी सभाच गुंडाळायचा प्रयत्न केला, पण लोकांनी त्यांना उठू दिलं नाही. तिथेच, उष्ट्या जिलेबीच्या ताटांमध्ये नवा ठराव लिहिला गेला. चोरीचा जोड तोडायचा, तक्रार द्यायची. कंपनीच्या प्रत्येक पाइपावर पंचायतीचं मीटर लागल्याशिवाय आणि त्याचा आकडा रोज पंचायतीच्या भिंतीवर लिहिल्याशिवाय दुसरी शेड नाही. तो आकडा सत्यशीला लिहील.

चोरीचा जोड तोडला आणि त्या संध्याकाळी विहारामागच्या वस्तीत दोन महिन्यांनी नळाला भरदार धार आली. सत्यशीलेने पहिली घागर भरली आणि सवयीने हुंगून पाहिलं. टीसीएलचा तोच उग्र वास होता. तिला तो त्या दिवशी फार आवडला.

कॉम्प्युटर वाईट नाहीत, आणि कमी पाण्यात, कमी विजेत ते चालवता येणं हे खरंच मोठं विज्ञान आहे. पण विज्ञान मीटर दाखवतं, पाया पडायला लावत नाही. कपाळाला गंध लावून येवो की अंगात हिरवं जाकीट घालून, जो कुणी तुम्हाला चमत्कार दाखवील, त्याच्यापुढे हात जोडण्याआधी एकदा वाका आणि त्याचा पाइप कुठून येतो ते बघा.