रिकामे मुद्दे

लिफ्ट तपासणाऱ्या त्या माणसाला बायको 'तपासनीससाहेब' म्हणायची. लाडाने कमी, चिडून जास्त. मुद्दे मांडायचं सॉफ्टवेअर घरात आणलं त्यानेच. त्याच्या फाइलमध्ये मुद्द्याखाली उपमुद्दा, प्रत्येकाला क्रमांक, धोक्याचं ते लाल, झालेलं ते राखाडी. कुठे बोट ठेवायला जागा नाही.

बायको रेडिओसाठी नाटकं लिहायची, त्याच सॉफ्टवेअरमध्ये. तिच्या फाइलला ना क्रमांक, ना रंग. संवादांच्या मध्ये नुसते रिकामे मुद्दे, तेही वाटेल तितके आत सरकवलेले. ते बघूनच याचा जीव कासावीस व्हायचा.

रविवारी ती केस धुवायला गेली आणि याला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नाटकाचं रेकॉर्डिंग होतं. नीटनेटकी फाइल बघून बायको खूश होईल, अशी याची भाबडी समजूत. त्रेचाळीस रिकामे मुद्दे त्याने साफ उडवले.

ओल्या केसांनीच ती वाचायला बसली. नाटकातला बाप विचारतो, "तू परत येणार नाहीस ना?" मुलगी लगेच म्हणते, "नाही." वाचता वाचता बायको थबकली.

"अहो, हिची शांतता कुठे गेली?"

"कसली शांतता?"

"रिकामा मुद्दा म्हणजे गप्प राहणं! जितका आत, तितके श्वास थांबायचं. महिनाभर एकेक जागा कानाने शोधलीय मी. उद्या नटांना काय देऊ?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण कशालाही हात लावण्याआधी कॉपी काढून ठेवायची, ही त्याची वीस वर्षांची खोड. त्याने जुनी फाइल उघडली. बाप विचारतो; खाली एक रिकामा मुद्दा, चार पायऱ्या आत; मग "नाही". त्याने मनातल्या मनात चार श्वास मोजले. आपण जन्मभर लिहिलेल्याला क्रमांक देत बसलो, आणि या बाईने न बोललेलंसुद्धा मोजून ठेवलं! त्याला तिचा भारी अभिमान वाटला.

"पूर्ण वाचून दाखव ना," तो म्हणाला.

तिने एकेक श्वास राखत शेवटपर्यंत वाचलं. मग मान वर करून विचारलं, "कसं वाटलं?"

एरवी लगेच तीन सूचना देणारा हा माणूस एक चकार शब्द बोलला नाही. नुसता तिच्याकडे बघत राहिला. ती बोटांवर श्वास मोजू लागली. सातव्याला तिचेच डोळे भरून आले.

"बास, तपासनीससाहेब," ती म्हणाली, "पोचलं."