मी चौकीतला पट्टा बोलतोय

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, पिठाच्या गिरणीचा. रबर आणि जाड कापडाचे थर एकावर एक चिकटवून मला बनवलं आणि घाटकोपरच्या भटवाडीत, काशीरामच्या गिरणीत मी कामाला लागलो. तिथे मी मजेत होतो. घसरायला लागलो की काशीराम मला राळ लावायचा. चाळीतल्या बायका डबा ठेवायच्या आधी विचारायच्या, "पट्टा नीट आहे ना रे? मागच्या वेळी वाट लावलीस भाजणीची." माझ्याशिवाय त्या गिरणीचं पान हलत नव्हतं.

मग मी झिजलो. काशीरामने नवा पट्टा आणला आणि माझे तुकडे केले. तेवढ्यात पोलीस चौकीतला हवालदार दळण न्यायला आला. "काशीराम, साहेबांना एक तुकडा हवाय. पाहुणचारासाठी," तो डोळा मारत म्हणाला. काशीरामने माझ्यातला सर्वांत जाड तुकडा आनंदाने काढून दिला. "घेवा सायबानू. घट आसा. चोरांका बरो लागतलो." पोलिसांनी उचलला तो चोरच असणार, याबद्दल त्याला कधी शंका आली नव्हती. चाळीत कुणालाच येत नसे.

चौकीत मला लाकडी मूठ ठोकली. साहेबांनी पांढऱ्या रंगात माझ्यावर 'सत्य बोल' असं लिहवून घेतलं. काय थाट! मला तळपायांवर मारत. तिथले वळ कुणी बघत नाही. मारून झालं की माणसाला तिथेच पळवत, म्हणजे सूज चढत नाही. माणसं आधी देवाचं नाव घेत, मग आईचं, मग जे विचारलं असेल त्याला हो म्हणत. "बघ, बोलला की नाही?" असं साहेब म्हणत. मला त्यांचा संताप येई, पण मूठ त्यांच्या हातात होती.

दोन पक्षांची मारामारी झाली की दोन्हीकडची पोरं आणत. मग टेबलावरचा फोन वाजे. ज्यांच्यासाठी फोन आला त्यांना खुर्ची आणि चहा मिळे. उरलेल्यांना मी मिळे. कुणी काय केलं होतं ते मला कधी कळलं नाही, कारण ते कुणी विचारतच नसे.

एक दिवस सत्तेतल्या पक्षाच्या नगरसेवकाचं कार्यालय जळालं. दुपारपर्यंत साहेबांनी आरोपी हजर केला. तो होता सुशांत, काशीरामचा मुलगा. पुरावा काय, तर अंगातला टीशर्ट. विरोधी पक्षाच्या कबड्डी स्पर्धेत फुकट वाटलेला, पाठीवर पुढाऱ्याचा फोटो असलेला. आमच्या भागातली निम्मी पोरं तसले टीशर्ट घालून झोपतात.

"साहेब, आईशप्पथ, मी गिरणीवर दळत होतो."

"कोणी पेटवायला सांगितलं, ते बोल."

मी पडत राहिलो. कातडी फाटली, रक्त माझ्या अक्षरांवर उडालं. मग त्याच्या डाव्या पायातलं हाड मोडल्याचा आवाज आला. साहेबांनीही तो ऐकला असणार, पण ते थांबले नाहीत. बाहेर बाकावर काशीराम हात जोडून बसला होता. "माझो झील तसो नाय, सायबानू."

"सगळे बाप हेच म्हणतात, काका," हवालदार म्हणाला. "काही केलंच नसतं तर आणलं असतं का?"

काशीरामने कान झाकून घेतले. आत कोणता पट्टा चाललाय हे त्याला ठाऊक होतं. शेवटी सुशांत हो म्हणाला.

पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का, असं कोर्टात विचारलं तेव्हा तो नाही म्हणाला. परत याच खोलीत यायचं होतं ना! पुढे कळलं की आग विजेच्या मीटरमधून लागली होती. म्हणजे गुन्हाच घडला नव्हता. विरोधी पक्षाने दिलेल्या वकिलाने सुशांतला सोडवलं. तो लंगडत घरी गेला आणि त्याच पक्षाचं काम करू लागला.

निवडणूक झाली, सरकार बदललं. साहेब तेच राहिले, फोन मात्र दुसरीकडून यायला लागला. एका सकाळी नव्या सत्ताधाऱ्यांचा मंडप कुणीतरी पेटवला आणि जुन्या नगरसेवकाचा भाचा यज्ञेश याला धरून आणलं. मागोमाग सुशांत आला, पांढऱ्या कडक शर्टात. साहेब चक्क उठून उभे राहिले.

"बसा ना, सुशांतभाऊ. जुनं विसरा." त्यांनी मला खिळ्यावरून काढून त्याच्या हातात दिलं. "घ्या, तुम्हीच विचारा त्याला."

यज्ञेश जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. "दादा, आईशप्पथ, मी नाही केलं. मी नाशिकला होतो, लग्नाला."

मित्रांनो, माझा सगळा जीव त्या वेळी सुशांतमध्ये अडकला होता. त्या खोलीत हे शब्द खरे असू शकतात हे माहीत असलेला तो एकटाच माणूस होता. "यानंच केलंय कशावरून?" एवढं त्याने विचारलं असतं तरी पुरे होतं. त्याने मला उलटसुलट करून माझ्यावरची अक्षरं वाचली.

"चपला काढ," तो मग म्हणाला. "पाय वर कर."

त्याने दमेपर्यंत मारलं. यज्ञेश हो म्हणाला, त्यानंतरही मारलं.

मित्रांनो, मी अजून खिळ्यावर आहे. तुमच्या वर्गात सगळ्यांनी मिळून एखाद्याला चोर ठरवलं, तर आधी त्याचं ऐकून घ्या, मग तो तुमच्या गटातला असो वा नसो. आणि मोठेपणी तुमच्यापैकी कुणी या खोलीत साहेब होऊन आलं, तर पहिल्याच दिवशी मला कापून टाका. जमलं तर लवकर या. पुढच्या वर्षी पुन्हा निवडणूक आहे.