तीन ते पाच वयोगट

शैलाला शिसारीच आली. द्वारकेतल्या त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये भीमजयंतीची चित्रकला स्पर्धा, गट तीन ते पाच वर्षांचा, आणि सतरंजीवर बघावं तर ओणव्या झालेल्या सगळ्या आया. पोरं बिचारी बिस्किटं खात बसलेली. कुणी पट्टीने भिंत आखतंय, कुणी मोबाइलमधून मोर उतरवतंय. शेजारच्या रुचिताने तर मुलाच्या हातातला खडूच हिसकावला. "तू बस यार, सगळं घाण करशील."

शी, यांना लाज कशी वाटत नाही, शैला मनातल्या मनात चरफडली. तिची साडेतीन वर्षांची श्रावस्ती जाड खडू मुठीत आवळून आपली आपण काढत होती. एक वेडावाकडा गोळा, त्यात दोन डोळे, आणि गोळ्यातूनच थेट खाली उतरलेले दोन पाय. "हे पप्पा," ती म्हणाली. दिवाळीपर्यंत नुसत्या रेघोट्या होत्या. पहिला माणूस उमटला तेव्हा शैलाने तो कागद ऑफिसात नेऊन सगळ्यांना दाखवला होता.

रुचिताने मान वाकडी करून पाहिलं. "अच्छा, अंड्याला पाय फुटलेत वाटतं." दोघी-चौघी फिसकन हसल्या. परीक्षक बाई दोनच रांगा पलीकडे होत्या.

शैलाचं डोकं फिरलं. तिने कागद उलटा केला, लेकीची मूठ आपल्या मुठीत घेतली आणि सरसर फिरवली. डोंगर, मधून सूर्य, खाली घर. श्रावस्तीने हात सोडवायला दोनदा हिसका दिला. "हलू नको गं, बिघडेल," शैला दातओठ खात म्हणाली. तिसऱ्यांदा पोरीने हिसका दिला नाही.

पहिलं बक्षीस मिळालं. शैलाच्या नवऱ्याने, धम्मपालने, मेडलसकट फोटो काढून नागपूरला आजीला पाठवला. शैलाला मात्र ते मेडल हातात धरवेना. नासलेलं दूध तोंडात गेल्यासारखं झालं होतं, आणि या वेळी किळस दुसऱ्या कुणाची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने फरशीवर मोठा कागद पसरला, खडूंचा डबा उपडा केला. "काढ बेटा, पप्पा काढ. कसेही काढ."

श्रावस्ती मांडी घालून बसली. तिने एक खडू उचलला, पण कागदाला टेकवला नाही. खडू धरलेला हात सैल सोडून आईपुढे केला आणि खिडकीबाहेर बघत थांबली.

"पकड ना, मम्मी," ती म्हणाली.