जिवनबाईचा उजवा हात

दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या जिवनबाईला आपल्या उजव्या हाताची बोटं दिसत होती, पण ती आपली वाटत नव्हती. काळीनिळी पडली होती. कोपराच्या वर, दंडात, पांढऱ्या बांगड्यांचा चुडा मांसात रुतून बसला होता.

गोष्ट शहाण्णव सालची. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं, आणि डोंगरकड्याजवळच्या त्या तांड्यात दुखण्यावर इलाज म्हणजे सुई. नुसत्या गोळ्या देणारा डॉक्टर लोकांना डॉक्टरच वाटत नसे. सुई द्यायला भिवाजी लुनावर बसून यायचा. कधीकाळी कुठल्याशा दवाखान्यात कंपाउंडर होता म्हणे. गुडघा असो की खांदा, दुखेल त्या सांध्यातच सुई द्यायचा. कापूस वेचून वेचून जिवनबाईचं कोपर आखडलं, तेव्हा त्याच्या दोन सुयांनी ते असं मोकळं झालं, की तिनंच चार बायांना त्याच्याकडं धाडलं.

कोपर पुन्हा आखडलं, तेव्हा तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "वैनी, चुडा काढा. नीट पुसून घेतो."

तिनं असे डोळे वटारले की भिवाजी पुन्हा बोललाच नाही. नवरा जिवंत असताना दंडातला चुडा उतरत नसतो. मग त्यानं बांगड्या दोन बोटं वर सरकवल्या आणि वर्षानुवर्षं नीट न धुतल्या गेलेल्या त्या कातडीतच सुई खुपसली. चौथ्या दिवशी हात फुगून दुप्पट झाला.

आखाडा बाळापूरच्या डॉक्टरीणबाई, पुनमताई, आता समोर उभ्या होत्या. मागं त्यांचा कंपाउंडर प्लास्टर कापायची करवत घेऊन थांबला होता.

"आत पू झालाय, तो मी काढते. पण आधी बांगड्या कापाव्या लागतील. हाताला रक्तच पोचत नाहीये. अजून तासभर थांबलात तर हात वाचायचा नाही."

"मालक येऊ द्या," जिवनबाई म्हणाली.

"कधी येणार?"

"काल यायचे व्हते."

हिरासिंग बैल बघायला सिद्धेश्वरकडं गेला होता. तांड्यात फोन नव्हता, निरोप नव्हता. जिवनबाईच्या मनात रात्रीपासून एकच घोळत होतं. काल येणारा माणूस आला नाही, आणि आज आपण चुडा फोडायचा?

बाजूला तिची सासू बसली होती. तांड्यात आईला याडी म्हणतात, जिवनबाई सासूलाही तेच म्हणे. म्हातारीचे दोन्ही दंड वीस वर्षांपासून उघडे होते.

"बोटं हालीव," म्हातारी म्हणाली.

जिवनबाईनं जोर लावला. एकही बोट हललं नाही.

"याडी, तुमचंच लेकरू हाय ते. त्याला काई झालं तर?"

"माह्या हातात चुडा व्हता तवाच तुहा सासरा मेला," म्हातारी सावकाश बोलली. "चुड्यानं राखला का त्याला? मागून चार बायांनी दगडानं फोडला, मला कोणी इचारलं बी न्हाई. तुला तर ही बाई इचारून राहिली. आन् हात गेला तर भाकरी कोण थापील, मी? मला वाढायला बी व्हत न्हाई आता."

कंपाउंडरला हसू आलं. पुनमताईंनी त्याच्याकडं बघताच ते विरलं.

बाहेर एसटी थांबली, तशी जिवनबाईची मान वळली. उतरलेल्या माणसांत हिरासिंग नव्हता. गाडी निघून गेली.

"कापा," ती म्हणाली. "पर डाव्याला हात लावायचा न्हाई. तो त्यांच्या नावानं राहू द्या."

करवत फिरू लागली. एकेक बांगडी तुटून फरशीवर पडायची आणि म्हातारी ती उचलून ओच्यात घालायची. शेवटची निघाली आणि हातात जणू निखारे सांडले. जिवनबाई किंचाळली.

"दुखतंय?"

"मेले वं माय!"

"दुखू द्या. मघाशी दुखत नव्हतं, त्याचीच मला भीती होती." पुनमताईंनी कपाळाचा घाम पुसला आणि चीर द्यायला घेतली.

हिरासिंग आला तेव्हा दुपार कलली होती. तांड्यावर जाऊन तिथून धावतपळत आला होता. दारातूनच त्याला तो उघडा दंड दिसला आणि त्याचा पाय आत पडेना.

"ये की आत," म्हातारी म्हणाली. "भूत आसशील तर तितंच थांब."

"औंढ्याच्या अलीकडं गाडी फेल झाली. रातभर तितंच पडून व्हतो." तो बाकाजवळ येऊन उकिडवा बसला. जिथं चुडा होता तिथली कातडी फिकट, सुरकुतलेली होती. त्याची नजर तिथून हलेना. "काहून काढला?"

"हात चालला व्हता."

जिवनबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती. हा आता उठून निघून जाईल, की सगळ्यांसमोर ओरडेल?

"त्या भिवाजीला तांड्यात पाय ठिवू देत न्हाई," शेवटी तो म्हणाला.

"त्याचं मागून बघा. अगुदर पाणी द्या मला."

त्यानं पेला भरून तिच्यापुढं धरला. तिनं चार दिवसांच्या सवयीनं डावा हात उचलला, मग खाली ठेवला. उजव्या हाताची सुजलेली बोटं हळूहळू पुढं आली आणि एकेक करून पेल्याभोवती मिटली. पाणी हिंदकळून लुगड्यावर सांडलं. हिरासिंगनं खालून आपला हात लावला, पण पेला सोडवून घेतला नाही.